पुस्तक बालभारतीचे, क्रम शाळेचा

पत्र : मी परळ भागातील एका मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत यंदाच्या जूनपासून पर्यवेक्षिका आहे. त्यापूर्वी १९ वर्षे याच शाळेत मराठी शिकवले. आमच्याकडे पाचवी ते दहावीच्या प्रत्येकी दोन तुकड्या आहेत आणि आठवीपासून गणित व विज्ञान सेमी इंग्रजीतून शिकवले जाते. संस्थेने दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ‘शाळेचा स्वतःचा अभ्यासक्रम आराखडा’ तयार करण्यास सांगितले आहे. स्टाफरूममध्ये विषय काढला तेव्हा सर्वांनी एकच विचारले, की पुस्तक बालभारतीचे आणि प्रश्नपत्रिका बोर्डाची, मग आपण आखायचे काय? पालकांचा आग्रह असा, की दहावीचा पोर्शन नववीच्या एप्रिलमध्येच सुरू करावा. दोन वरिष्ठ शिक्षकांनी तर ‘तीस वर्षे शिकवल्यावर आता आराखडा कशाला?’ असे स्पष्टच सांगितले, आणि त्यांना दुखवण्याची माझी इच्छा नाही. हे काम खरोखर उपयोगाचे आहे की केवळ फाईल भरण्याचे? आणि उपयोगाचे असेल, तर सुरुवात कुठून करू?

उत्तर :

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न टाळण्याजोगा नाही, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. अभ्यासक्रम, पाठ्यक्रम आणि पाठ्यपुस्तक हे तीन शब्द आपण शिक्षक बोलताना एकाच अर्थाने वापरतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पाठ्यपुस्तक तयार करण्याचे काम बालभारती १९६७ पासून करत आहे. कोणत्या इयत्तेत काय यावे, हा पाठ्यक्रमही राज्य पातळीवर ठरतो. दहावीची प्रश्नपत्रिका आणि तिचा भारांश मंडळ ठरवते. परंतु पाचवीत शाळेत आलेले मूल दहावी होऊन बाहेर पडेपर्यंतच्या सहा वर्षांत कोणती गोष्ट कशाच्या आधी शिकेल, कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा त्याच्यासमोर येईल, एका विषयात शिकलेले दुसऱ्या विषयात कधी वापरेल आणि त्याला ते आले की नाही हे आपण कसे ओळखू, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नसते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमासंबंधी चार प्रश्न मांडले होते : उद्दिष्टे कोणती, त्यांसाठी कोणते अनुभव द्यायचे, ते अनुभव कोणत्या क्रमाने गुंफायचे आणि उद्दिष्टे साध्य झाली हे कसे तपासायचे. यातील पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी शासन देते. उरलेले तीन प्रश्न शाळेचेच आहेत, आणि ते कोणी विचारले नाहीत तर त्यांची उत्तरे अनुक्रमणिका देते.

अनुक्रमणिकेने दिलेले उत्तर कुठे अडते, याचे एक उदाहरण तुम्ही उद्याच पडताळून पाहू शकता. नववीचे विज्ञानाचे पुस्तक आणि गणित भाग २ ही दोन्ही पुस्तके शेजारी ठेवा. विज्ञानाचे पहिलेच प्रकरण ‘गतीचे नियम’ हे आहे; त्यात अंतर-काल आणि वेग-काल आलेख येतात आणि गतीविषयक समीकरणेही आलेखाच्या साहाय्याने मिळवली जातात. हे सारे जूनमध्ये शिकवले जाते. प्रतलातील बिंदू दोन अक्षांच्या आधारे कसा दाखवायचा हे शिकवणारी निर्देशक भूमिती मात्र गणित भाग २ मध्ये सातव्या क्रमांकावर आहे, म्हणजे बहुतेक शाळांत ती दिवाळीनंतर येते. मुलाच्या हाती आलेख देऊन झाल्यावर पाच-सहा महिन्यांनी त्याला अक्ष म्हणजे काय ते सांगितले जाते. विज्ञानाच्या बाई फळ्यावर आलेख काढतात, मुले तो उतरवून घेतात, आणि वेग-काल आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे विस्थापन हे वाक्य पाठ होते. ते क्षेत्रफळच का, हे मात्र फार थोड्यांना कळते. यात विज्ञानाच्या बाईंची चूक नाही आणि गणिताच्या सरांचीही नाही. ही दोन माणसे एकाच स्टाफरूममध्ये बसूनही त्यांनी आपापल्या अनुक्रमणिका एकमेकांना कधी दाखवलेल्या नसतात, एवढेच.

उपाय अगदी साधा आहे. गणित भाग २ च्या पहिल्याच प्रकरणात संख्यारेषेवरील बिंदूंचे निर्देशक आणि त्यांतील अंतर येते. ती आडवी संख्यारेषा तिथेच उभ्या रेषेने छेदावी आणि निर्देशक भूमितीतील बिंदू स्थापन करण्याचा भाग लगेच घ्यावा, हे पूर्णपणे शाळेच्या हातात आहे, कारण नववीत प्रकरणे कोणत्या महिन्यात घ्यायची हे शाळाच ठरवते. मात्र प्रत्येक वेळी गणित पुढे ओढणे हा मार्ग नव्हे. विज्ञानाच्या दुसऱ्या प्रकरणात, ‘कार्य आणि ऊर्जा’मध्ये, बल आणि विस्थापन यांच्यात कोन असल्यास कोसाइन लागतो, आणि त्रिकोणमिती गणित भाग २ मध्ये आठवी आहे. त्रिकोणमिती जुलैमध्ये आणणे योग्य नाही, कारण तिच्या आधी समरूप त्रिकोणांची ओळख व्हावी लागते. इथे विज्ञानाने थांबावे; बल आणि विस्थापन एकाच दिशेत असतानाचे कार्य तेव्हा शिकवावे आणि कोनाचा भाग त्रिकोणमिती झाल्यावर दोन तासिकांत पूर्ण करावा. कुठे कोणी पुढे यायचे आणि कुठे कोणी थांबायचे, हे ठरवणे म्हणजेच तुम्हाला सांगितलेला ‘स्वतःचा अभ्यासक्रम’ होय. हे स्टाफरूममध्ये पुस्तके उघडून दाखवा. ‘आखायचे काय’ हा प्रश्न पुन्हा विचारला जाईल असे मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट इयत्तांच्या उतरंडीची. माझा विषय गणित, म्हणून उदाहरण गुणोत्तराचे घेते. सहावीत गुणोत्तर-प्रमाण येते, आठवीत चलन (एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते), नववीत पुन्हा गुणोत्तर व प्रमाण, दहावीत समरूपता. त्रिकोणमिती तर मुळात गुणोत्तरांचीच. विज्ञानात घनता, नववीतील ओहमचा नियम आणि दहावीतील अपवर्तनांक, भूगोलात नकाशाचे प्रमाण, ही सारी त्याच एका कल्पनेची रूपे आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये सर्पिल अभ्यासक्रमाची जी कल्पना मांडली, ती हीच : एकच संबोध, म्हणजे संकल्पना, दरवर्षी अधिक उंचीवरून पुन्हा भेटावा. आपली पुस्तके बऱ्याच प्रमाणात तशी रचलेली आहेत. पण मुलाला प्रत्येक वेळी हा ‘नवा धडा’ वाटतो, कारण ‘हे तेच आहे’ असे त्याला कोणी सांगत नाही. दहावीच्या वर्गात समरूपतेचे उदाहरण सोडवताना एका हुशार मुलीने मला विचारले होते, ‘बाई, पण कोणाला कोणाने भागायचे?’ तिला प्रमेय तोंडपाठ होते. तिचे अडले होते सहावीत, आणि मधली चार वर्षे तिला उत्तम गुण मिळत होते. त्या दिवसापासून दहावीचा निकाल दहावीत घडतो यावरचा माझा विश्वास उडाला.

तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात, ही या कामात उणीव आहे असे तुमच्या पत्रातून कुठेतरी जाणवले. मला ते बळ वाटते. प्रश्नपत्रिका पाहा : विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे लिहा’, भूगोलात ‘भौगोलिक कारणे लिहा’, इतिहासात ‘विधान सकारण स्पष्ट करा’, भूमितीत ‘सिद्ध करा’. चारही ठिकाणी मुलाकडून मागितलेले कौशल्य एकच आहे, ते म्हणजे कारण आणि परिणाम जोडून दोन-तीन सुसंगत वाक्ये लिहिणे. ते शिकवण्याची जबाबदारी मात्र कोणत्याही विषयाच्या वार्षिक नियोजनात लिहिलेली आढळत नाही, म्हणून मुले कारणेही पाठ करतात. पाचवीत ‘कारण’ आणि ‘म्हणून’ यांनी जोडलेली दोन वाक्ये, सातवीत निरीक्षण, नियम आणि निष्कर्ष अशी तीन, नववीत एखादा आक्षेप गृहीत धरून त्याला दिलेले उत्तर, असा हा धागा सहा वर्षांवर आखता येईल, आणि तो आखण्यास तुमच्याइतके योग्य दुसरे कोणी शाळेत नसावे.

सेमी इंग्रजीचा प्रश्नही याच धाग्याला लागून आहे. सातवीपर्यंत ज्या मुलाने अपूर्णांक, घातांक, चाल आणि वेग हे शब्द वापरले, त्याला आठवीच्या जूनमध्ये एकदम फ्रॅक्शन, इंडायसेस, स्पीड आणि व्हेलॉसिटी हे शब्द भेटतात, आणि शब्द अडल्यामुळे संबोधही हरवल्यासारखा वाटू लागतो. सातवीच्या दुसऱ्या सत्रात गणित व विज्ञानाच्या शिक्षकांनी रोज तीन-चार मराठी-इंग्रजी शब्दजोड्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहाव्यात आणि आठवीत पहिले काही महिने कारणे मराठीत सांगून मग इंग्रजीत लिहू द्यावीत. यासाठी वेगळी तासिका लागत नाही. मराठीत विचार करणारे मूल कमी पडते आहे असा अर्थ मात्र कोणीही काढू नये. मराठीत पक्का झालेला संबोध दुसऱ्या भाषेत नेता येतो, पण न झालेला संबोध कोणत्याच भाषेत नेता येत नाही.

आता पालकांच्या आग्रहाविषयी. त्यांची भीती मला समजते. परळ-लालबागमधील जे पालक दहावीच्या क्लाससाठी घरखर्चातून पैसे बाजूला काढतात, त्यांना आपले मूल मागे राहू नये एवढेच हवे असते, आणि शेजारच्या शाळेने एप्रिलमध्ये दहावी सुरू केली हे ऐकून ते अस्वस्थ झाले तर नवल नाही. तरीही माझे मत या आग्रहाच्या विरुद्ध आहे. नववीची प्रकरणे घाईने उरकून एप्रिलमध्ये दहावी सुरू केली, तर घाईचा फटका बसतो तो नेमका नववीच्या शेवटी येणाऱ्या निर्देशक भूमितीला आणि त्रिकोणमितीला, म्हणजे दहावीत पुन्हा येणाऱ्या प्रकरणांनाच. एप्रिलमधील ते दिवस नववीतील कच्चे राहिलेले संबोध भरून काढण्यासाठी वापरावेत आणि पालकसभेत तसे स्पष्ट सांगावे. कोणते पाच-सहा संबोध पक्के करणार आहोत त्यांची यादी त्यांच्या हाती द्यावी. पालकांना नेमकी माहिती दिली की ते ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

याच संदर्भात घटक चाचण्यांविषयी एक सूचना करते, आणि तुमच्या आराखड्यात एकच बदल होणार असेल तर तो हा व्हावा असे मला मनापासून वाटते. आपल्या चाचण्या नुकत्याच संपलेल्या घटकावर असतात. मूल चाचणीपुरते लक्षात ठेवते आणि मग ते विषय थेट वार्षिक परीक्षेत भेटतात. उजळणी न केल्यास आठवण किती वेगाने ओसरते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच प्रयोगाने दाखवले होते. म्हणून प्रत्येक चाचणीतील पाव भाग जुन्या घटकांवर, शक्यतो मागील इयत्तेवर असावा. सप्टेंबरच्या नववीच्या चाचणीत आठवीचे चलन विचारले जाईल हे मुलांना आधीच माहीत असावे, कारण त्यांना अचानक पकडणे हा हेतू नाही. जुने वाचून ठेवण्याची सवय लागावी हा आहे. या बदलाला पैसा लागत नाही, संस्थेची मंजुरी लागत नाही, पुढच्या महिन्यापासूनही तो करता येतो.

अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांकडेही पाहा. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण नव्हते, प्रश्नपत्रिकांचे स्वरूपही नवे होते, आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षापासून ते गुण पुन्हा सुरू झाले. त्या वर्षी अनेकांनी गुणांच्या सवलतीविषयी चर्चा केली. मला त्यातून दिसलेली गोष्ट वेगळी होती : जिथे तोंडी परीक्षा आणि प्रकल्प मनापासून घेतले जात, तिथे मुले त्यांतून खरोखर बोलायला आणि लिहायला शिकत होती. हे २० गुण सरसकट वाटून टाकणे म्हणजे दहावीच्या गुणांत शाळेच्या पूर्ण ताब्यात असलेली एकमेव जागा सोडून देणे आहे.

त्या जागेत मुंबई आणता येते. सातवीत भूगोलात भरती-ओहोटी आहे; वर्तमानपत्रात भरतीच्या वेळा छापून येतात. पंधरा दिवस त्या वहीत उतरवल्या, तर भरती रोज साधारण ५० मिनिटे पुढे सरकते हे मूल स्वतः शोधून काढते, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा भरतीच्या वेळी पाणी समुद्रात का जाऊ शकले नाही, हा प्रश्नही मग त्याला स्वतःहून पडतो. दहावीचा इतिहास इतिहासलेखन आणि उपयोजित इतिहास यांविषयी आहे. तुमची शाळा तर गिरणगावातच आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप ज्यांनी जगला, अशी माणसे तुमच्या मुलांच्या घरात किंवा चाळीत अजूनही आहेत. आजोबांना विचारण्याचे दहा प्रश्न वर्गात तयार करणे, त्यांची उत्तरे लिहून घेणे, दोन आजोबांच्या आठवणी जुळत नसतील तर त्यांतील काय ग्राह्य धरायचे यावर वर्गात चर्चा करणे, यातून मौखिक साधन म्हणजे काय ते समजते. पुस्तकातील व्याख्या पाठ करून ते समजत नाही. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र तुमच्यापासून जवळ आहेत, परंतु सहल कोणत्या धड्याच्या कोणत्या प्रश्नासाठी हे ठरलेले नसेल, तर ती केवळ सहलच राहते. दहावीच्या भूगोलात पहिलेच प्रकरण क्षेत्रभेटीचे आहे. ते वर्गात वाचून पूर्ण केले जाते, याचे मला फार वाईट वाटते.

वरिष्ठ शिक्षकांविषयी लिहिण्यापूर्वी माझी एक चूक सांगते. मी पर्यवेक्षिका झाले, त्या वर्षीच्या मे महिन्यात सुट्टीभर घरी बसून एकटीने सर्व इयत्तांचा आराखडा तयार केला. जाडजूड फाईल झाली. मुख्याध्यापकांनी कौतुक केले, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी तिच्यावर सही केली आणि वर्षभरात एकाही शिक्षकाने ती उघडली नाही. मला राग आला होता. तो चुकीचा होता हे कळायला दोन वर्षे गेली. ज्यांना शिकवायचे होते, त्यांचा त्यात एक शब्दही नव्हता.

तुमचे ते दोन शिक्षक तीस वर्षे शिकवत आहेत, म्हणजे मुले कुठे अडतात याची सर्वांत अचूक यादी त्यांच्याच डोक्यात आहे. त्यांना आराखडा लिहायला सांगू नका. त्यांच्याकडे जा आणि एवढेच विचारा : ‘सर, दहावीत येणाऱ्या मुलांना आठवीतच काय पक्के आले असते तर तुमचे काम हलके झाले असते?’ ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि आठवीच्या शिक्षकांसमोर त्यांनाच मांडू द्या. मला वाटते, ‘आराखडा कशाला’ यामागे कागदांचा कंटाळा आहे, आणि तो अकारण नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे शिक्षकांकडून घेण्याची मुभा आहे, त्यात रोजचे टाचण आणि ऑनलाईन माहिती भरणे यांची भर पडते. तुमच्या आराखड्याने एखादा जुना तक्ता कमी केला पाहिजे, नवा वाढवता कामा नये.

दिवसांचा हिशेबही प्रामाणिकपणे करा. कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १,००० तास अध्यापनाचे धरले आहेत, पण अतिवृष्टीची सुट्टी, गणेशोत्सव, स्पर्धा, शाळेत परीक्षा केंद्र असल्यास मार्चमधील दिवस, हे सर्व वजा केल्यावर हाती काय उरते ते मागच्या वर्षीच्या हजेरीपटावरून मोजा आणि त्यातलेही दोन आठवडे मोकळे ठेवा.

संस्थेला दिवाळीपूर्वी संपूर्ण आराखडा देऊ नका. देता येणारही नाही आणि दिला तर तो माझ्या फाईलसारखा होईल. त्यांना तीन गोष्टी द्या : नववीच्या गणित-विज्ञानाचा जुळवलेला महिनावार क्रम, ‘कारण लिहिणे’ या धाग्याचा पाचवी ते दहावीचा एक कागद, आणि चाचण्यांतील जुन्या घटकांविषयीचा निर्णय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्याचा शालेय शिक्षणाचा आराखडा २०२४ मध्ये आला आहे आणि पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलतील. प्रकरणांचे क्रमांक तेव्हा बदलतील, पण गुणोत्तराचा आणि कारण लिहिण्याचा धागा बदलणार नाही, हेही संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना सांगा, म्हणजे उरलेल्या कामासाठी ते तुम्हाला दोन वर्षे देतील.

पहिली बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर घ्या, दीड तासाहून जास्त नको. एका मोठ्या कागदावर जून ते एप्रिलचे रकाने आखा, नववीच्या प्रत्येक विषयाच्या प्रकरणांच्या पट्ट्या कापून आणा आणि त्या चिकटवू नका, टाचणीने लावा. मग विज्ञानाच्या बाई आणि गणिताचे सर यांना शेजारी उभे करून पहिली पट्टी हलवू द्या. कोणती पट्टी हलली, कोणती हलवायला कोणी नकार दिला आणि त्याचे कारण काय सांगितले, ते मला अवश्य लिहून कळवा. नकाराची कारणे वाचायला मला विशेष आवडेल.